सहा वर्षांच्या मुलाला छोट्या व्हॅम्पायरचा सिनेमा दाखवावा का?

दाखवा. फक्त रात्री नको, मोबाईलवर नको, आणि भावंडं दोघंच बसून नको. आता जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतलेत.

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहाची आहे, तिला 'द लिटल व्हॅम्पायर' बघायचाय, सहा वर्षांचा धाकटा तिच्या मागे लागलाय, पण ट्रेलरमधले सुळे बघितल्यापासून तो रात्री बाथरूमला एकटा जात नाही आणि तरी 'मला पण बघायचा' हे टुमणं काही सोडत नाही. सासूबाई म्हणतात घरात रक्त पिणाऱ्या भुताचा सिनेमा कशाला. मिस्टर म्हणतात आम्ही झी हॉरर शो बघून मोठे झालो, काही होत नाही. आणि वर सोसायटीच्या गणपतीत फॅन्सी ड्रेसला धाकट्याला व्हॅम्पायरच व्हायचंय.

मी इथे इंदूरलाच मुलांची नाट्यशिबिरं घेते, उन्हाळ्याची आणि दिवाळीची, बरीच वर्षं झाली. शिबिरात एक दुपार सिनेमाची असते आणि 'ताई भुताचा लावा ना' ही फर्माईश एकदाही चुकलेली नाही, त्यामुळे पोरं घाबरतात कशाला, किती आणि कुठल्या क्षणी हे बघायचा मला नादच लागलाय म्हणा ना.

सगळ्यात आधी, सिनेमा तोच आहे ना ते नीट बघून घ्या, कारण या बाबतीत गडबड होऊ शकते आणि ती महागात पडते. तुम्हाला हवाय तो 2000 सालचा, उली एडेलने केलेला, ज्यात टोनी झालाय जोनाथन लिप्निकी, म्हणजे 'स्टुअर्ट लिटल'मधला तो चष्मेवाला मुलगा. याच नावाचा 2017चा एक अॅनिमेशनपटही आहे, त्याची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते, पण तोही मुलांचाच, चुकून तो लागला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते दुसरीकडे. शाळेत मार खाणारा एकटा मुलगा आणि त्याला भेटलेली लहान व्हॅम्पायर असं शोधायला गेलात तर 2008चा स्वीडिश 'लेट द राइट वन इन' पुढे येतो आणि 2010 मध्ये अमेरिकेत त्याच गोष्टीवरून केलेला 'लेट मी इन' पण येतो. पोस्टरवर बर्फात लहान मूल दिसतं, दोन ओळींचा सारांश वाचला तर वाटतं हाच तो. अजिबात लावू नका, ते मोठ्यांचे सिनेमे आहेत, फार चांगले आहेत, पण त्यातलं रक्त खरंखुरं वाटतं आणि दुःख त्याहून खरं, दहा वर्षांच्या मुलीलाही नको. दिग्दर्शकाचं नाव आणि साल बघूनच प्ले दाबा.

आता सिनेमाची गोष्ट थोडक्यात. टोनी नऊ वर्षांचा आहे, कॅलिफोर्नियाहून आईबाबांबरोबर स्कॉटलंडला आलाय कारण वडिलांना तिथे गोल्फ कोर्स बांधायचंय. मित्र एकही नाही, शाळेत दोन दांडगट पोरं छळतात, रात्री व्हॅम्पायरची स्वप्नं पडतात, आणि हे सगळं सांगायला गेलं की मोठी माणसं 'हो का, बरं बरं' करून मोकळी होतात. एका रात्री तो खोलीत एकटाच केप आणि खोटे सुळे लावून व्हॅम्पायर-व्हॅम्पायर खेळतोय आणि तेवढ्यात एक वटवाघूळ आत येतं, ते म्हणजे रूडॉल्फ, हासुद्धा दिसायला तेवढाच, फक्त तीनशे वर्षांपासून तेवढाच आहे. आणि गंमत बघा, रूडॉल्फला वाटतं की टोनी आपल्यातलाच! म्हणजे पहिल्या भेटीत भुताने माणसाला भूत समजून जवळ केलंय. हा सीन मी मुलांना दाखवते तेव्हा पहिल्यांदा श्वास रोखले जातात आणि मग एकदम खसखस पिकते, आणि ती पिकली की समजायचं सिनेमाचा अर्धा धोका टळला.

रूडॉल्फचं कुटुंब आहे, बाप फ्रेडरिक म्हणजे रिचर्ड ई. ग्रँट, आई फ्रेडा, मोठा भाऊ ग्रेगरी जो सतत फुरंगटलेला, आणि बहीण अॅना जिला टोनी फारच आवडतो. या लोकांना माणसांचं रक्त नकोय, त्यांना परत माणूस व्हायचंय, त्यासाठी एक हरवलेला जादूचा खडा आणि एक धूमकेतू असं सगळं जुळून यावं लागतं. आणि त्यांच्या मागावर आहे रूकरी, व्हॅम्पायरचा शिकारी, भल्या मोठ्या दिव्यांची गाडी घेऊन फिरणारा. हे काम केलंय जिम कार्टरने, पुढे 'डाउन्टन अॅबी' या मालिकेत बटलर कार्सन झाला तोच. शेवट सांगत नाही, पण गोड आहे एवढं आजीला सांगून ठेवा.

तर भीती. धाकट्याला ट्रेलरमधले सुळे लागले यात काहीच नवल नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जोअॅन कँटर म्हणून संशोधक आहेत, त्यांनी मुलं पडद्यावरच्या गोष्टींना का घाबरतात यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचा एक अभ्यास मला फार आवडतो, 'हल्क'च्या टीव्ही मालिकेवरचा. साधा माणूस हिरवा राक्षस होतो तो क्षण बालवाडीच्या वयाच्या मुलांना सगळ्यात जास्त घाबरवतो, मोठ्या मुलांना उलट तेव्हा हायसं वाटतं, कारण त्यांना माहीत असतं की हल्क आता वाचवायला आलाय. लहान मूल दिसण्यावर जातं, मोठं मूल पुढे काय होणार यावर. त्यांच्याच आणखी एका प्रयोगात एक म्हातारी होती, कधी दिसायला गोड, कधी चेटकिणीसारखी, आणि वागायला कधी दयाळू, कधी दुष्ट. छोटी मुलं तिच्या तोंडाकडे बघूनच ठरवत होती ती चांगली की वाईट, वागणं बघून ठरवणारी मुलं वयाने मोठी होती.

हे तुमच्या घरात लावून बघा. मुलीला सुळ्यांचं काही नाही, तिची भीती वेगळीच असणार. रूकरी जेव्हा रूडॉल्फच्या आईबाबांना गाठायला बघतो तेव्हा बघा तिच्याकडे. आईबापाला कोणी काही करेल ही भीती या वयात खरी असते आणि मुलं ती बोलून दाखवत नाहीत. धाकट्याला तो सगळा पाठलाग बहुधा मजेचा वाटेल, त्याचा प्रश्न फक्त पांढऱ्या चेहऱ्यांचा आणि दातांचा आहे, आणि तो आधी सुटू शकतो.

कसा, तर चेहरे आधी भेटवायचे. सिनेमाच्या आधी दोन-तीन दिवस चित्रं दाखवा, हा रूडॉल्फ, ही त्याची बहीण, हे याचे बाबा. ट्रेलर नको हं, ट्रेलर कापतातच दचकवायला. मग आरशासमोर उभं राहून तुम्ही स्वतः तोंडाला पावडर फासा, त्याच्या देखत. रक्त त्याच्याच हाताने करून घ्या: साखरेचा दाट पाक, खायचा लाल रंग थोडा आणि चिमूटभर कोको पावडर. कोको टाकल्याशिवाय ते रूहअफ्जासारखं दिसतं, कोको पडला की एकदम रंग गडद होतो आणि पोरं किंचाळतात. शिबिरात आम्ही हे वाटीत करतो, बोटाने चाटून बघतो, मग हनुवटीवर एक ओघळ काढतो. ज्या पोराने स्वतः वाटीत रक्त कालवलंय ते पोर पडद्यावरचं रक्त बघून 'ताई यांनी कोको जास्त घातलाय' असं म्हणतं, मी ऐकलंय हे. (आणि हा सिनेमा तसाही रक्ताच्या बाबतीत भलताच कंजूष आहे.)

उडण्याचंही तसंच आहे. रूडॉल्फ टोनीला हात धरून आकाशात नेतो तो भाग मुलांना वेड लावतो आणि नेमका तोच थोडा धोक्याचा, कारण सहा वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी पलंगावरून, नाहीतर गॅलरीच्या कठड्यावरून प्रयोग करायला मागेपुढे बघत नाही. म्हणून सिनेमात माणूस कसा उडवतात ते आधीच सांगून टाका, कमरेला पट्टा, वर तारा, मागे निळा पडदा. आमच्याकडे एकाला टेबलावर पालथं झोपवतो, दोघंजण समोरून चादर हलवतात, एकजण टेबलफॅन धरतो आणि बाकीचे मोबाईलवर शूटिंग करतात. अर्धा तास जातो, पण गॅलरीचा विषय संपतो.

'अरे ते खोटं असतं' हे वाक्य मात्र वापरू नका, म्हणजे वापरलं तरी उपयोग नाही. फार लहान मुलांच्या बाबतीत असं समजावणं फारसं चालत नाही, मांडीवर घेणं, खायला हातात काहीतरी देणं, जवळचं खेळणं कुशीत देणं हे जास्त चालतं, कँटरबाईंच्या कामातही तेच दिसतं. साधारण आठच्या पुढे समजावणं लागू पडायला लागतं. सहा म्हणजे मधलं वय, थोडं इकडचं थोडं तिकडचं, त्यामुळे मांडी आधी आणि समजावणं नंतर.

आपल्या इंदूरच्या मुलांना तर हे शिकवायलाही नको खरं म्हणजे. अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, हुकुमचंद, मालवा, कल्याण, त्यांच्यावर दहा-दहा फुटी राक्षस डोळे फिरवत असतात, दिवे उघडझाप करत असतात, आणि चार वर्षांचं पोर बापाच्या खांद्यावर बसून मजेत बघतं. तोच राक्षस त्याला घरात टीव्हीवर एकट्याने बघायला लावा, चड्डी ओली करेल. खांदा महत्त्वाचा. मिस्टरांना हेच सांगा. झी हॉरर शो 1993 ला सुरू झाला तेव्हा घरात टीव्ही एकच असायचा, सगळं घर एका सतरंजीवर, आजोबा घोरताहेत, आई मध्येच उठून दूध झाकून येतेय, आणि त्या गर्दीत तुम्ही उशीआडून बघितलात. आजचं पोर हेडफोन लावून एकटंच बघतं, दोन्ही गोष्टी सारख्या कशा धरणार?

म्हणून मोठा टीव्ही, दुपारची वेळ, पडदे उघडे, दिवा लागला तरी चालेल, आणि आवाज नेहमीपेक्षा दोन-तीन घरं कमी. लोक डोळ्यांवर हात ठेवतात पण भीतीचं निम्मं काम आवाज करतो, कुठल्याही भीतीच्या सीनचा आवाज बंद करून बघा, उरते ती नुसती धावपळ. पोरांना हे उपजत कळतं, ती घाबरली की कानावर हात ठेवतात.

आणि सिनेमा चालू असताना पडद्याकडे कमी, त्याच्या पायांकडे जास्त लक्ष ठेवा. ही माझी स्वतःची युक्ती आहे, कुठल्या पुस्तकात नाही. सोफ्यावर बसलेल्या मुलाचे पाय खाली लोंबत हलताहेत, म्हणजे मजेत आहे. मांडी घातली, ठीक. पाय वर घेऊन गुडघे छातीशी आले, चादर गळ्यापर्यंत आली, की गप्प जवळ सरकायचं, विचारायचं नाही काही. 'घाबरलास का?' हा प्रश्न तर अजिबात नाही, कारण ताईसमोर तो नाहीच म्हणणार. आणि पाय एकदम ताठ होऊन जमिनीला टेकले तर त्याला उठून पळायचंय, तेव्हा थांबवा, पाणी द्या, जरा फिरून या, आणि परत लावा. बंद करून टाकू नका. अर्ध्यावर बंद केलेला भुताचा सिनेमा सगळ्यात वाईट, कारण ते भूत रात्री डोक्यात तिथेच उभं राहतं, पुढे ते मित्र होतं हे पोराने बघितलेलंच नसतं. अगदीच नाही म्हणाला तर उरलेली गोष्ट तोंडी सांगा, शेवटापर्यंत.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीये पण तुमच्या घरात नक्की निघणार. गाय. रूडॉल्फला भूक लागलेली असते, अशक्त झालेला असतो, टोनी त्याला गोठ्यात नेतो आणि तो गाईचं रक्त पितो. दाखवत काही नाहीत, गाय मरतही नाही, उलट पुढे त्या गाई स्वतःच व्हॅम्पायर होऊन जो काही धुमाकूळ घालतात तो सिनेमातला सगळ्यात विनोदी भाग आहे. पण आपल्याकडे सासूबाई त्याच क्षणी खोलीत डोकावल्या तर संपलं. हे मी गमतीत सांगत नाहीये, शिबिरात एका मुलीला सुळ्यांचं काही नव्हतं, गाईचं बघून ती रडवेली झाली, घरी रोज गोग्रास काढणाऱ्या घरातली होती. म्हणून आधी सांगून ठेवा की या मुलाला माणसांना चावायचं नाहीये, त्याच्या घरच्यांनी तसं ठरवलंय, म्हणून तो असा मार्ग काढतो, आणि गाईला काही होत नाही, ती पुढे भाव खाऊन जाते. आजींनाही हेच सांगा, आधी, चहाच्या वेळी.

आजींचा विरोध मला समजतो हो, आणि त्यांना गप्प करण्यापेक्षा सोबत घेणं सोपं आहे. त्यांना विचारा, 1985 साली दूरदर्शनवर विक्रम और वेताल लागायचं ते आठवतं का, रामानंद सागरांचं, अरुण गोविल राजा विक्रम आणि सज्जन वेताळ. सगळं घर बघायचं. तो वेताळ काय कमी होता? मसणवटीत झाडाला उलटा लटकणारा, मेलेल्या माणसाच्या देहात शिरलेला, राजाच्या पाठुंगळी बसून गोष्टी सांगणारा. आणि शेवटी काय, तर ज्या जोग्याच्या सांगण्यावरून राजा हे सगळं करतोय तोच राजाचा बळी देणार आहे हे राजाला सावध करून सांगतो तो वेताळच. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरातही ही गोष्ट आहे, आणि लोकांच्या तोंडी हा विक्रम म्हणजे आपल्या शेजारच्या उज्जैनचाच. तर माणसाच्या पाठीवर बसून त्याचा मित्र झालेलं भूत आपल्या घरात आधीपासून आहे. आजींनी आदल्या रात्री वेताळाची एखादी गोष्ट सांगावी आणि दुसऱ्या दुपारी सिनेमा बघावा, माझा अनुभव आहे की मग आजीच शेवटपर्यंत बसून राहतात आणि रूकरीला शिव्या घालतात.

तुमच्या मुलीसाठी थोडं वेगळं सांगते, कारण दहाव्या वर्षी नुसतं बघून भागत नाही, तिला माहिती लागेल, 'मी हे दुसऱ्याला सांगेन' असं खाद्य लागतं. ही गोष्ट मुळात अँगेला सोमर-बोडेनबुर्ग या जर्मन लेखिकेची, पहिलं पुस्तक 1979 चं. या बाई हँबर्गला प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पुस्तकातल्या मुलाचं नाव अँटन, शनिवारी संध्याकाळी आईबाबा बाहेर जातात, तो घरी एकटा भुताच्या गोष्टी वाचत बसलेला आणि खिडकीत व्हॅम्पायर येतो. स्कॉटलंड वगैरे सिनेमावाल्यांनी आणलं, पुस्तकात साधं शहरातलं घर आहे. मला स्वतःला पुस्तकाची सुरुवात जास्त आवडते, कारण त्यात मुलाचा एकटेपणा कुणी दांडगट पोरांनी दिलेला नाहीये, नुसती शनिवारची रिकामी संध्याकाळ आहे, आणि ती आपल्या घरातल्या मुलांना लगेच कळते. सिनेमात धूमकेतू, खडा, शिकारी, लॉर्ड असं इतकं भरलंय की मध्ये मध्ये ती दोन पोरं हरवतात. दिग्दर्शक एडेल म्हणजे 1981 चा 'क्रिस्तियाने एफ.' करणारा माणूस, ड्रगमध्ये अडकलेल्या पोरीची फार जड फिल्म आहे ती, त्याने असा गोग्गोड सिनेमा कसा काय केला देव जाणे.

तिला हेही सांगा की व्हॅम्पायर उन्हात जळून मरतो ही पूर्वापार चालत आलेली समजूत नाहीये, ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या पुस्तकातला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची ताकद कमी होते. उन्हाने नाहीसं व्हायचं ते 1922 च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाने आणलं आणि मग सगळ्यांनी उचललं. आणि त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, युरोपात खरोखर गावंच्या गावं कबरी उकरत सुटली होती, शेवटी 1755 मध्ये ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाने आपले डॉक्टर व्हान स्विटेन यांच्या सांगण्यावरून बंदी घातली. दहा वर्षांच्या मुलीला हे सगळं भलतंच आवडतं, आणि मग तीच धाकट्याला समजावते, तुमचं काम निम्मं होतं.

वटवाघळांचा प्रश्न धाकटा काढणारच. रक्त पिणारी वटवाघळं जगात फक्त तीन जातींची, ती सगळी मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेत. आपल्याकडे एकही नाही. आपल्याकडची मोठी असतात ती फळं खातात, छोटी असतात ती बहुतेक किडे, एखादी जात बेडूक-उंदीर वगैरेही धरते. आणि ती रक्तवाली सुद्धा सिनेमासारखी चोखत नाहीत, झोपलेल्या जनावराला छोटीशी चीर पाडून मांजरासारखं चाटतात, वजन पंचवीस-चाळीस ग्रॅम. त्यांची एक गोष्ट मला या सिनेमापेक्षाही भारी वाटते: दोन-तीन रात्री खायला मिळालं नाही तर ते वटवाघूळ मरू शकतं, म्हणून ज्याला मिळालंय ते आपल्या पोटातलं रक्त परत तोंडात आणून उपाशी सोबत्याला देतं. जेराल्ड विल्किन्सन या शास्त्रज्ञाने 1984 मध्ये हे छापलं, आणि त्यांनी बघितलं की फक्त नात्यातल्यांनाच देतात असं नाही, नेहमी शेजारी लटकणाऱ्यालाही देतात. सिनेमा बघून झाल्यावर हे सांगा, आधी नको, आधी सांगितलंत तर पोरं 'ईईई' करण्यातच अडकतात.

संध्याकाळी फिरायला न्या, रस्त्यावरच्या दिव्याभोवती किडे टिपणारी छोटी वटवाघळं दिसतात, तिथे उभं राहून बघू द्या. फक्त खाली पडलेलं कुठलंही वटवाघूळ हाताने उचलायचं नाही हे दोघांना बजावा, रेबीजचा वगैरे प्रश्न असतो, ते आपण बघायचं काम.

सिनेमानंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री बाथरूमचा दिवा लावून ठेवा आणि त्याबद्दल चेष्टा नको, विशेषतः बाबांकडून नको. घाबरला तर 'रूडॉल्फ आता काय करत असेल रे?' असा प्रश्न विचारा, उत्तर त्यालाच देऊ द्या. पोरं फार मस्त उत्तरं देतात, झोपला असेल, नाही नाही, त्याची तर आत्ता सकाळ झाली असेल, दात घासत असेल. सुळे घासायला किती वेळ लागत असेल वगैरे. पण आठवडा-दोन आठवडे झाले तरी झोप लागत नाही, शाळेत जायला नको म्हणतो, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला असं काही असेल तर मग ते नुसतं सिनेमाचं नसेलही, दुसरं काहीतरी चाललेलं असू शकतं, तेव्हा मुलांच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा, लांबवू नका.

वयाचं विचारलंत तर अमेरिकेत याला पीजी सर्टिफिकेट आहे, म्हणजे पालकांनी बघून ठरवा. आपल्याकडेही 2024 पासून यूए 7, 13 आणि 16 अशी वयं आलीत, इतर सिनेमे निवडताना तो आकडा बघत जा, उपयोगी आहे. माझं म्हणाल तर एकट्याने बघायला आठ-नऊच्या पुढे, मांडीवर बसून सहा चालेल, चारला नको.

राहिला फॅन्सी ड्रेस. करा की व्हॅम्पायर! गणपतीत उंदीर आणि बालशिवाजी दर वर्षी असतातच. केप गुडघ्यापर्यंतच शिवा, जमिनीला टेकणारी केप म्हणजे स्टेजच्या पायरीवर तोंडघशी पडणार हे ठरलेलं, आणि गळ्याशी नाडी किंवा गाठ नको, वेल्क्रो लावा, कुठे अडकली तर सुटून यायला हवी. आतून लाल अस्तर, तुमच्या जुन्या साडीचं चालेल, हात पसरला की दिसतं आणि टाळ्या तिथेच पडतात. पांढरा रंग चेहऱ्यावर आदल्या दिवशी कानामागे लावून बघा, खाज येते का ते कळतं. प्लास्टिकचे सुळे मात्र सहा वर्षांच्या मुलाला देऊ नका, एक तर धावताना घशात जायची भीती, आणि दुसरं म्हणजे ते लावून त्याला 'माझे नाव' सुद्धा नीट म्हणता येणार नाही, सगळी लाळ आणि नुसतं फस फस, परीक्षकांना काय कळणार. त्यापेक्षा खालच्या ओठावर पांढऱ्या रंगाने दोन छोटे त्रिकोण काढा आणि काळ्या काजळपेन्सिलीने कडा गिरवा, तोंड मिटलं की लांबून हुबेहूब सुळे बाहेर आल्यासारखे दिसतात. प्रसाद मात्र स्टेजवरून उतरल्यावरच द्या, मोदक खाल्ला की सुळे जातात.